गल्लीतला तिसरा कॅमेरा

कॅमेरे लावायला हवेत, असं आमच्या गल्लीत सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं. पुढचं सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं. आणि यात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही, माझंसुद्धा. का, ते वाचताना कळेलच.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. एका सकाळी दहाच्या सुमाराला भाजी घेऊन घरी येत होते. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमची गल्ली आत वळते तिथे मागून मोटरसायकल आली. मागे बसलेल्याने माझ्या मानेवर हात टाकला आणि मंगळसूत्र ओढलं. ते लगेच तुटलं नाही. चार पावलं मी त्या गाडीबरोबर फरपटत गेले, मग ते तुटलं आणि मी गुडघ्यांवर पडले. समोर प्रेसवाला कपड्यांवर इस्त्री फिरवत होता. त्याचा हात तसाच वर राहिला. सगळं इतकं झटकन झालं की ओरडायचं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

मानेवरचा वळ पंधरा दिवसांत गेला. भीती गेली नाही. मागून गाडीचा आवाज आला की मी भिंतीला चिकटून उभी राहायची. बेल वाजली की दाराआडून तीनदा विचारायची, कोण. यजमान वैतागायचे. "अगं, रोजचा दूधवाला आहे," म्हणायचे. मला ते कळत होतं, तरी कडी मी त्यांनाच काढायला लावायची.

म्हणून गल्लीतल्या हनुमानाच्या चबुतऱ्यावर रविवारी सगळे जमले तेव्हा मी कॅमेऱ्यांचा विषय काढला. पंधरा-सोळा घरं आमची, त्यातली मराठी दोन, बाकी सगळी इकडची. सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त कोपऱ्यावरचे वकीलसाहेब, ऐंशीच्या पुढचे, काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "चोर तो साल में एक बार आएगा, कैमरा रोज़ देखेगा। मेरे घर कौन आता है, कौन नहीं आता, ये मोहल्ले के देखने की चीज़ नहीं है।"

मला राग आला. मान माझी ओढली गेली होती. मी म्हटलं, "वकील साहब, जिसके पास छुपाने को कुछ नहीं, उसे काहे का डर?"

लोकांना ते फार पटलं. वकीलसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत घरी गेले.

चार कॅमेरे लागले. आमचे यजमान जन्मभर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते, तारा आणि स्क्रू पाहिले की त्यांचा जीव रमतो. ते आपोआप त्या कामाचे प्रमुख झाले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राच्या कोपऱ्यात मोहल्ल्याचं नाव, गल्ली आणि कॅमेऱ्याचा आकडा त्यांनी स्वतः बसून टाइप केला. तिसरा कॅमेरा आमच्या फाटकासमोरच्या खांबावर होता. चित्र मोबाइलवर दिसायचं. ठरलं होतं की गल्लीच्या कमिटीतल्या चौघांनीच बघायचं. महिन्याभरात पासवर्ड घराघरांत गेला. कुणाला मुलांची शाळेची व्हॅन आली का ते बघायचं होतं, कुणाला पाण्याचा टँकर. मीही बघायची. दुपारचा चहा घेताना मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि गल्ली बघत बसायचं. कुत्री, सायकली, कुणाची तरी पाठ. मला बरं वाटायचं. दोन महिन्यांनी एका बाईंची चोरीला गेलेली स्कूटी त्या कॅमेऱ्यामुळे सापडली, तेव्हा त्यांच्याकडून सगळ्या घरांत तिळाची गजक आली. तेव्हापासून मला झोप लागायला लागली.

दिवाळीनंतर वरची खोली भाड्याने दिली. मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंनी मुलगी पाठवली होती. मुलगी म्हणजे तिशीची, मध्य प्रदेशातल्याच दुसऱ्या एका शहरातली, मराठी घरातली. सिटी सेंटरला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर लागली होती. सामान एक बॅग. इथल्या तरुण पोरांसारखीच बोलायची, अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"काकू, मला रूम पसंत आहे. बस एक बात थी. ते बाहेरचे कॅमेरे, ते कोण बघतं?"

"कमिटीचे लोक. सगळे आपलेच."

"मी त्यात दिसणार?"

"फाटकातून येता-जाता दिसशील. का गं?"

"नाही, ऐसेही विचारलं."

भाडेकरू ठेवला की पोलिसांकडे फॉर्म द्यावा लागतो, फोटो आणि ओळखपत्रासकट. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणला. ती आठवडाभर "देते काका" म्हणत राहिली. मग एका दुपारी खाली आली. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होते. तीही समोर बसली, चार शेंगा घेतल्या, आणि सोलता सोलता, वर न बघता सांगायला लागली.

तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. नवरा शिकलेला, चांगल्या हुद्द्यावर, दारूला न शिवणारा. लग्नानंतर महिन्याभरात त्याने घरात दोन कॅमेरे लावले, एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघरात. ती दिवसभर एकटी असते, काही झालं तर, म्हणून. तिच्या मोबाइलवर ती कुठे आहे ते त्याला सतत कळेल अशी सोय केली. तो ऑफिसातून बघायचा. ती दहा मिनिटं चित्रात दिसली नाही की फोन वाजायचा.

"मी एकदा म्हटलं, मला कसंतरी होतं. तर तो म्हणाला, नवरा-बायकोत लपवायचं काय? तुझ्याकडे लपवायला काही नसेल तर भीती कसली?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ते वाक्य कुठे ऐकलंय ते मला आठवावं लागलं नाही. मी तिला काही सांगितलं नाही, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

एक दिवस ती आईशी फोनवर बोलायला गच्चीवर गेली. अर्ध्या तासाने तो ऑफिसातून घरी आला. कुडत्याचा गळा बाजूला करून तिने मला उजव्या खांद्याजवळचं हाड दाखवलं. ते जुळलं होतं, पण वर आलं होतं. दोनदा ती माहेरी गेली आणि दोन्ही वेळा तिच्या सख्ख्या भावाने समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ती निघाली तेव्हा तिने कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

"फॉर्ममध्ये माझा पत्ता लिहिला तर तो कुठे कुठे जाईल मला माहीत नाही. काकू, मला थोडा टाइम द्या."

यजमान तयार नव्हते. "नियम आहे. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कोरा फॉर्म कपाटात वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवला आणि विषय बंद केला.

हिवाळा गेला, होळी झाली. ती सकाळी आठ-वीसला निघायची, संध्याकाळी सहा-दहाला यायची. इथल्या सगळ्या मुली धुळीसाठी बांधतात तशी ओढणी तोंडाला बांधलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. फक्त फाटकाशी आली की कुलपाची किल्ली शोधायला चष्मा काढायची, ओढणी खाली करायची आणि पर्समध्ये बघत उभी राहायची. तेवढ्या वेळात तिचं तोंड तिसऱ्या कॅमेऱ्यासमोर असायचं. मी रोज चहा घेताना ते बघत होते. पोरगी सुखरूप आली, एवढंच माझ्या मनात यायचं.

एप्रिलमध्ये गल्लीत सांड शिरला. आमचे शेजारी, कापडाचे व्यापारी, गळ्याला टॉवेल बांधून न्हाव्याच्या खुर्चीवर बाहेर बसले होते, अर्ध्या गालाला फेस. सांड त्यांच्याकडे वळला आणि ते, एवढे मोठे गृहस्थ, उडी मारून उभ्या असलेल्या ई-रिक्षाच्या टपावर चढले. कुणी तरी तेवढा तुकडा कॅमेऱ्यातून काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. आम्ही पोट धरून हसलो. व्यापारी स्वतः हसत होते, त्यांनीच तो आपल्या मेहुण्यांना पाठवला. दोन दिवसांत तो कुठल्या कुठे गेला.

तिसऱ्या दिवशी ती लॅबमधून दुपारीच घरी आली. ओढणी सोडलीच नव्हती. तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काकू, त्या व्हिडिओत मी आहे."

आम्ही दोघींनी तो पुन्हा पाहिला. पुढे सांड, टॉवेल, फेस. मागे डाव्या कोपऱ्यात आमचं फाटक आणि पर्समध्ये किल्ली शोधणारी ती. चार सेकंद. वर गल्लीचा पूर्ण पत्ता, पांढऱ्या अक्षरांत.

"इतकंसं तर दिसतंय," मी म्हटलं. "यातून कोण ओळखणार?"

"तो ओळखेल. दोन वर्षं त्याने मला असंच पाहिलंय. छोट्या स्क्रीनवर, वरून."

यजमान घरोघर गेले. व्हिडिओ पुसा म्हणून हात जोडले. लोकांनी पुसलाही. पण व्यापारी म्हणाले, "भाईसाहब, अब तो पता नहीं कहाँ-कहाँ पहुँच गया।" तो दिवस तसाच गेला, पुढचा आठवडाही गेला. ती चष्मा न काढता, चाचपडत किल्ली लावायला शिकली. मला वाटलं, टळलं.

मग एका दुपारी, गरम वाऱ्याची लू वाहत होती तेव्हा, बेल वाजली. यजमान दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी विचारलं, कोण. बाहेरून शुद्ध मराठीत उत्तर आलं, "काकू, खोली आहे का विचारायचं होतं."

मराठी ऐकून मी दार उघडलं. आजही मला त्याची शरम वाटते. आडनाव, गाव काही न विचारता, नुसत्या भाषेवर मी कडी काढली.

पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. वाकून पाया पडला. पाणी मागितलं. मी आणायला वळले तोवर तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला होता. पाणी सावकाश प्यायला, पेला खाली ठेवला, मोबाइल काढला आणि तो चार सेकंदांचा तुकडा माझ्यापुढे धरला. सांड त्याने कापून टाकला होता. फक्त ती होती, मोठी करून.

"ही माझी बायको. रागावून आलीय. तुमच्याकडे राहते ना?"

"नाही," मी म्हटलं. "आली होती खोली बघायला. मग आली नाही."

"किल्ली शोधतेय काकू ती. खोली बघायला येणाऱ्याकडे किल्ली असते?"

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. लूने ते फडफडत होते आणि त्यात तिचा मोरपंखी कुडता होता.

"तो कुडता मीच घेतलाय," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा चढला नाही. "तुम्ही घाबरू नका. मला तिची काळजी आहे, बस. ती एकटी राहू शकत नाही. मी इथेच आहे."

तो उठला, पुन्हा पाया पडला आणि गेला. त्याचा हात माझ्या पावलांना लागला तेव्हा मी पाय मागे घेतले. दार लावून मी तिथेच जमिनीवर बसले. मोटरसायकलवाल्याने मला ओढलं होतं तेव्हाची भीती वेगळी होती. ती पाठीमागून आली आणि निघून गेली. ही समोर बसून पाणी पिऊन गेली होती, आणि जाऊन फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. हे मला कसं कळलं? मी मोबाइल उघडला आणि तिसऱ्या कॅमेऱ्यात पाहिलं.

मी तिला फोन केला. "घरी येऊ नकोस." का, हे तिने विचारलं नाही. कुठे जाऊ, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "दाना ओलीत माझी नणंद राहते. तिला फोन करते. लॅबमधून सरळ तिकडे जा. ऑटो बदलून जा."

संध्याकाळी सहा-दहाला तो टपरीवरून उठला आणि आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बरोबर सहा-दहाला. मी आणि यजमान आतून स्क्रीनवर बघत होतो.

"याला वेळ कशी माहीत?" यजमान म्हणाले.

वेळ त्याला व्यापाऱ्यांनी सांगितली होती. दुपारभर टपरीवर बसलेल्या त्या सभ्य माणसाशी ते जाऊन बोलले, त्याची कहाणी ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि आपल्या मोबाइलवर त्यांनी त्याला गेल्या आठ दिवसांचं चित्र दाखवलं. कधी जाते, कधी येते, बरोबर कोण असतं. व्यापारी वाईट माणूस नाहीत. माझं मंगळसूत्र गेलं तेव्हा गाडीत घालून मला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

"भाभीजी, पति है बेचारा," ते मला म्हणाले. "घर टूटने से बच जाए, और क्या।"

तीन दिवस तो टपरीवर होता. सकाळी यायचा, अंधार पडता जायचा. येणारा-जाणारा त्याच्याशी बोलायचा. गल्लीतल्या बायका मला विचारायला लागल्या की एका नवरा-बायकोच्या मध्ये मी का पडतेय. आम्ही स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा उघडत नव्हतो. यजमान बोलता बोलता आवाज खाली आणायचे, जणू तो भिंतीतून ऐकतोय. मी दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायची. तो दिसला की भीती वाटायची. दिसला नाही की जास्त वाटायची.

तिची कागदपत्रं वर खोलीत होती. डिग्रीची, नोकरीची, त्या खांद्याच्या एक्स-रेची. दुसऱ्या सकाळी मी ती सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, भाजीच्या पिशवीत तळाशी घातली, वर तिचे दोन कुडते आणि त्यावर घरात होता तेवढा पालक पसरला. बाजारात जाताना पिशवी रिकामी असते, भरलेली नसते, हे मला फाटकाबाहेर आल्यावर सुचलं.

तो टपरीवर उठून उभा राहिला. "काकू, भाजीला?"

"नणंदेकडे," मी म्हटलं. "आमच्याकडचा पालक देऊन येते." खोटं बोलताना जागा खरी सांगितली. असं का केलं मला माहीत नाही. घाबरलेलं डोकं तसंच चालतं.

"द्या, मी सोडतो गाडीवर."

"नको रे बाबा, मला गाडीची भीती वाटते." हे खरं होतं, आणि ते खरं वाटलंही असणार, कारण तो परत बसला.

मी प्रवासी टेंपो घेतला, वाटेत उतरले, देवळात जाऊन अर्धा तास बसले, मग पायी निघाले. दाना ओलीच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं. लहानपणापासून मी तिथे डोळे मिटून चालत आले आहे. त्या दिवशी मी वर बघत चालले होते. किराण्याच्या दुकानावर एक, सोनाराकडे दोन, एका घराच्या छज्ज्याखाली एक, पतंगांच्या दुकानावर एक. प्रत्येकाखालून जाताना मी पदर पुढे ओढत होते. माझ्या वयाची बाई, स्वतःच्या गावात. नणंदेच्या दारात पोचले तेव्हा पिशवीचा बंद हातात रुतून बोटं पांढरी पडली होती.

ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. चप्पल पायातच होती. नणंद म्हणाली, "कालपासून काढली नाहीये."

तिसऱ्या दिवशी यजमान आणि मी पोलिस ठाण्यात गेलो. स्त्रियांच्या तक्रारी बघणारी एक अधिकारी होती, चाळिशीची, थकलेली. यजमानांनी आधी खिशातून तो कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे," ते हिंदीत म्हणाले, "हा मी भरला नाही."

तिने फॉर्म उलटा-सुलटा पाहिला. "भर दिया होता तो नियम से ठीक होता," ती म्हणाली. मग तो परत सरकवत, "पर परसों वही आदमी यहाँ बैठा था, पत्नी गुमशुदा है कहकर। फॉर्म होता तो कोई भी सिपाही भलमनसाहत में पता दे देता।"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं नियमाने वागलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं नाही, ते मला दिसत होतं.

तिने विचारलं, तो तुमच्या फाटकावर बसतो याला पुरावा काय. गल्लीतलं कुणी साक्ष द्यायला येणार नव्हतं. यजमान म्हणाले, आहे. घरी जाऊन त्यांनी तीन दिवसांचं चित्र पेनड्राइव्हवर घेतलं. तिसऱ्या कॅमेऱ्याचं. सकाळी येताना, आमच्या फाटकाची कडी वाजवताना, अंगणात डोकावताना, सगळं त्यात होतं. त्या चित्रावरच अधिकारी बाईने त्याला बोलावलं.

मी तिच्याबरोबर ठाण्यातल्या एका खोलीत बसले होते. दार उघडं होतं आणि समोरच्या खोलीत तो होता. त्याने तिला पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाला, "घरी चल. आई वाट बघतेय." तिचा हात माझ्या हातात होता. तो बर्फासारखा गार पडला, मे महिन्यात.

अधिकारी बाईने विचारलं, "आप इनके साथ जाना चाहती हैं?"

"नहीं."

"ज़ोर से बोलिए। मुझे लिखना है।"

"नहीं," ती म्हणाली. या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

तो तिच्या आसपास फिरकणार नाही असं लिहून त्याची सही घेतली गेली. बाहेर पडताना त्याने मला हात जोडले. "काकू, तुम्ही हे चांगलं केलं नाही," म्हणाला आणि हसला. टपरीवर तो पुन्हा आला नाही. पण फाटकाशी कोणी थांबलं की मी अजून पडद्याआडून बघते.

ती आठवड्याभरात ग्वाल्हेर सोडून गेली. कागदावरच्या सहीवर तिचा विश्वास नव्हता आणि मी तिला विश्वास ठेव म्हणायला तयार नव्हते. नणंदेने तिला बसमध्ये बसवून दिलं. निघण्याआधी ती मला सांगायला लागली की कुठे, तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला सांगू नकोस. मला खोटं नीट बोलता येत नाही."

पुढच्या रविवारी चबुतऱ्यावर मी सगळं सांगितलं. हाडाचंही सांगितलं, एक्स-रे होता म्हणून. पासवर्ड बदला, चित्र दोघांच्याच हातात ठेवा, कॅमेरे घरांच्या फाटकांवरून काढून रस्त्याकडे वळवा, असं म्हटलं. व्यापारी मान खाली घालून बसले होते. "मैंने तो भला सोचा था," म्हणाले. मी म्हटलं, मीही. ज्यांची स्कूटी सापडली होती त्या बाई मात्र उसळल्या. "आपके किराएदार के चक्कर में हमारी सुरक्षा क्यों जाए?" त्यांचंही मला खोटं ठरवता येईना. मानेला हिसका बसलेली मी आहे. पुष्कळ वादानंतर पासवर्ड बदलला, तिसरा कॅमेरा वळवला. बाकीचे तीन आहेत तसेच आहेत. दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत.

वकीलसाहेब आता बाहेर पडत नाहीत. मी त्यांच्याकडे गेले आणि त्या दिवशी त्यांना दिलेल्या उत्तराबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "डर तो आपका भी सच्चा था।" मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

चोरांची भीती माझी गेलेली नाही. आता तिच्याबरोबर दुसरी राहते. सिटी सेंटरला बँकेत जाते, दवाखान्यात रांगेत बसते, तेव्हा छताच्या कोपऱ्यातलं ते काळं भिंग मी आधी शोधते. त्याच्यामागे कोण बसलंय, त्याचा मेहुणा कोण आहे, तो किती भला माणूस आहे, हे प्रश्न मला पडतात. कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. पण "छुपाने को कुछ नहीं" असं कुणी म्हणालं की मी तिथून उठते.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरावरून फोन आला. तिचा आवाज मी लगेच ओळखला. "काकू, मी ठीक आहे. काम मिळालं. बस, इतकंच सांगायचं होतं." मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणखी कोणी बाई हसत होती. मी म्हटलं, "बरं झालं, पोरी." शहर विचारलं नाही. तिने फोन ठेवला आणि मी तो नंबर पुसून टाकला. मग खुर्चीवर बसून, डोळे मिटून, त्यातले आकडे आठवतात का ते बघितलं. शेवटचे दोन आठवत होते. ते विसरायला मला दोन दिवस लागले.